गिरणगावाची न मोजलेली विद्या

१/ एखाद्या वस्तीतील कामगार काय शिकलेले आहेत, हा प्रश्न सरकारी तक्त्यात विचारला की उत्तर पदव्या आणि पदविकांच्या रकान्यांत येते. १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेत तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांची स्वतंत्र पत्रिकांवर नोंद करण्यात आली. मुंबईच्या गिरणगावातील बहुसंख्य कामगारांकडे अशा पत्रिकेत भरण्याजोगे काही नव्हते. मग लालबाग-परळने शतकभर कापड विणले ते कोणत्या विद्येच्या बळावर? आणि ती विद्या शिकण्याची मुभा कोणाला होती? #थ्रेड

२/ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. यंत्रे इंग्लंडहून आली आणि ती चालवून दाखवणारे मास्तरही लँकेशायरहून आले. कामगार मात्र आले कोकणातून आणि घाटावरून. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. नांगर आणि होडी सोडून आलेल्या या माणसांसाठी तेव्हा गिरणीकामाची कोणतीही शाळा नव्हती.

३/ शाळा निघाली ती १८८७ मध्ये. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्थापन झालेली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ म्हणजेच आजची व्हीजेटीआय. १८८९ मध्ये भायखळ्यात तिचे वर्ग सुरू झाले आणि १९२३ मध्ये ती माटुंग्यास गेली. वस्त्रनिर्मितीचे शास्त्र तेथे रीतसर शिकवले जाई. पण ते इंग्रजीतून. त्यामुळे तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी गिरणीत शिरे तो साहाय्यक किंवा मास्तर होण्यासाठी. मागावर उभे राहणाऱ्याला तो दरवाजा जवळपास बंदच होता.

४/ कामगाराची शाळा म्हणजे खाते. गावचा किंवा नात्यातला कोणीतरी जॉबरला सांगून नव्या पोराला आत घेई. प्रथम उचल-ठेव, साफसफाई. मग बदली कामगार म्हणून हाताला येईल ते काम. आणि वर्षांनंतर स्वतःची जागा. तुटलेला धागा क्षणात सांधणे, यंत्राचा आवाज बदलताच दोष ओळखणे, दमट हवेत सूत कसे वागते हे बोटांना कळणे, हा येथील अभ्यासक्रम होता. त्याला पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

५/ काहींनी विद्या घरूनच आणली होती. उत्तर भारतातील हातमाग बुडाल्यावर तेथील मोमीन विणकर मुंबईत आले आणि मदनपुऱ्यात स्थिरावले. पिढीजात कसबामुळे विणकाम खात्यात त्यांचे स्थान भक्कम होते. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रिया काम करीत आणि त्यांच्यावर नाईकीण असे. थोडक्यात, कोणी काय शिकावे हे आवडीवर ठरत नव्हते. गाव, नाते, स्त्री-पुरुष भेद आणि जात यांवर ते ठरत होते.

६/ जातीचा अडसर सर्वांत उघडपणे दिसे तो विणकाम खात्यात. गिरणीतील कामगारांत विणकरांची मिळकत चांगली असे. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कारण दिले जाई ते धोट्याचे. धोट्यातील कांडी संपली की नवी बसवून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून ओठांनी ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्याही तोंडी जाई. ‘विटाळ’ होईल, ही सवर्ण विणकरांची हरकत होती.

७/ लँकेशायरचे विणकरही ओठांनीच धागा ओढत. तेथे या पद्धतीवर आक्षेप होता तो आरोग्याचा: कापसाची धूळ घशात जाते, रोग पसरतात. मुंबईत तोच धोटा जातिभेदाचे साधन झाला. परिणामी हजारो कामगार कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राहिले. विणकामाची पात्रता त्यांच्यात नव्हती असे नाही; पात्रता येते तेथे त्यांना उभेच राहू दिले नाही.

८/ १९२८ च्या एप्रिलपासून सुमारे सहा महिने मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला: विणकाम खात्यातील बंदीविरुद्ध संघटना बोलणार नसेल, तर कामगारांच्या एकजुटीचा अर्थ काय? मागणी यादीत आली. पण मालकांना तिचा जाब विचारावा, तर बंदी पाळणारे कामगारच होते. ती लगेच संपली नाही.

९/ दुसरी वाट अक्षरांची होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८५५ मध्येच श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत ना. म. जोशी यांच्या १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रशाळा आणि मोफत वाचनालये चालवली. पण १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला होता. १९२२ मध्ये तो अकरा तासांवर आणि १९३४ मध्ये दहा तासांवर आला. रात्रशाळेतील हजेरीचा प्रश्न केवळ इच्छेचा नव्हता.

१०/ स्वातंत्र्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. कसबाला कागद मिळू लागला. परंतु तो नव्या पिढीला. खात्यात उभे राहून शिकलेल्यांच्या विद्येची परीक्षा घेऊन तिला मान्यता देण्याची सोय गिरणगावात रुजली नाही.

११/ त्याची किंमत १८ जानेवारी १९८२ नंतर कळली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबत गेला, अनेक गिरण्या पुढे बंद पडल्या आणि हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. वीस-वीस वर्षे माग चालवलेल्या माणसाला नव्या नोकरीच्या अर्जावर लिहिण्यासाठी उरली ती फक्त शाळेतली इयत्ता. त्या विद्येला मागणी होती ती भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावी, तीही कमी मजुरीत आणि गिरणीतील संरक्षणाशिवाय.

१२/ म्हणून कामगारांच्या शिक्षणाचा तक्ता वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रिकामा रकाना म्हणजे अज्ञान नव्हे. ती न नोंदलेली विद्या असू शकते. आणि नोंदलेली असो वा नसो, प्रत्येक विद्येच्या दाराशी कोणीतरी उभे असते. गिरणगावात ते कधी इंग्रजी भाषेच्या रूपाने उभे होते, कधी बारा तासांच्या पाळीच्या, तर कधी लाकडी धोट्याच्या. (समाप्त)