मागील पानावरून पुढे

२०१२ च्या आधीपासून अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्यांना आठवत असेल, परताव्याची स्थिती आठवड्यातून एकदाच बदलायची. सोमवारी पाहा की शुक्रवारी, उत्तर तेच. याचं मूळ १९६० च्या दशकातल्या चुंबकीय टेपमध्ये आहे.

१९६१ मध्ये आयआरएसचं संगणक केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला सुरू झालं. करदात्यांची खाती सोशल सिक्युरिटी नंबरच्या क्रमाने टेपवर असत. त्या काळची टेप अर्धा इंच रुंद, एका रिळावर साधारण २४०० फूट. मधलीच एखादी नोंद खोडून तिथे नवी लिहायची सोय नव्हती; शेजारची नोंद बिघडायची भीती.

मग करायचं काय? आपल्याकडे दुकानदार दिवाळीला करायचे तेच. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढायची.

आठवडाभराचे बदल आधी त्याच क्रमाने लावून घ्यायचे. मग एका यंत्रावर जुनी मास्टर फाइल, दुसऱ्यावर बदलांची टेप, तिसऱ्यावर कोरी. दोन्हीकडचा एकेक नंबर वाचायचा. मास्टरचा नंबर लहान असेल, तर त्या खात्यात बदल नाही, नोंद जशीच्या तशी उतरवायची. नंबर जुळले, तर दुरुस्त करून उतरवायची. बदलाचा नंबर लहान निघाला, तर ते नवं खातं, नाहीतर चूक. एका खात्यासाठीसुद्धा सगळी फाइल वाचावी लागे, म्हणून काम आठवड्याने एकदा.

यात एक फायदा आपोआप मिळे. जुनी टेप शाबूत राही. मुलगा, वडील, आजोबा अशा तीन पिढ्या जपून ठेवायची पद्धत होती. नवी टेप बिघडली तर जुनीवरून पुन्हा करता येई. रिळामागची प्लास्टिकची कडी काढली की त्यावर चुकूनही लिहिलं जात नसे.

आयबीएमची पहिली डिस्क १९५६ मध्येच आली होती, पण ती महाग. पुढे डिस्क स्वस्त झाल्या, तरी टेपसाठी बसवलेला आठवड्याचा क्रम टिकून राहिला. आयआरएसने वैयक्तिक खाती रोज अद्ययावत करायला सुरुवात केली ती जानेवारी २०१२ मध्ये.

नव्वदच्या दशकात वायटूकेच्या कामासाठी इथे आलेल्या अनेक मराठी मंडळींनी अशाच पद्धतीचे कोबोल प्रोग्राम तपासले. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीची हाक दिली. नोकरी गेलेली माणसं भत्त्याच्या प्रतीक्षेत होती, आणि जुनी वही वाचता येणारे हात थोडेच उरले होते.