पहिलं विमान घ्यायचं तर…

मोटार घ्यायची म्हटलं की आपल्याकडे चार लोक चार सल्ले देतात. मायलेज किती, पार्ट मिळतात का, आणि मुख्य म्हणजे लावणार कुठे! पण स्वतःचं विमान घ्यायचं असेल तर? हसू नका मंडळी. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी काही लोकांना हा प्रश्न खरोखरच पडला होता, आणि त्याच्या उत्तरात आपल्या पुण्याचाही एक कोपरा आहे.

२२ फेब्रुवारी १९२५ ला इंग्लंडमध्ये डी हॅविलंड यांचं ‘मॉथ’ पहिल्यांदा उडालं. दोन आसनं, प्लायवूडचं धड, कापड चढवलेले पंख. इंजिन म्हणजे तर चक्क जुगाड! महायुद्धातून उरलेल्या रेनॉच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांचे भाग वापरून फ्रँक हाल्फर्डने चार सिलिंडरचं स्वस्त इंजिन बेतलं. पंख मागे दुमडता यायचे, म्हणजे भलंमोठं हँगर नको. १९२८ मध्ये याच विमानाला शंभर अश्वशक्तीचं ‘जिप्सी’ इंजिन बसलं. ‘जिप्सी मॉथ’ची किंमत होती ६५० पौंडांच्या आसपास. तेव्हाच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या वर. स्वस्त? कारकुनाला नाहीच. लंडनच्या एका वकिलाच्या कचेरीत काम करणाऱ्या एमी जॉन्सनने १९३० मध्ये वापरलेलं मॉथ घेतलं, तेही वडील आणि लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैसे घातले म्हणून. मे महिन्यात त्याच विमानाने ती कराची, झाशी, कलकत्ता करत एकटी ऑस्ट्रेलियाला पोचली.

आपल्याकडे जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला वैमानिकाचा परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखानांच्या ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी ते जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून इंग्लंडकडे निघाले. उलट दिशेने सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला तो अडकून पडला होता, कारण काय, तर जादा स्पार्क प्लग नव्हता! जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. अस्पी जिंकला आणि पुढे १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला. या गोष्टीत सगळे जेआरडींचं मोठं मन पाहतात, आणि ते होतंच. मला मात्र तो प्लगही दिसतो. एवढ्याशा वस्तूवाचून साडेआठ हजारांचं विमान वाळूत बसून राहिलं.

आता पुणं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी ‘पस मॉथ’मधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. पण जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली! मग अख्खा संसार पुण्याला हलला. संसार म्हणजे दोन विमानं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे वैमानिक नि मेकॅनिक. उतरायचं कुठे, तर येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावर. एका विमान कंपनीचा पावसाळा आपल्या येरवड्याच्या माळावर निघाला, हे मला फार आवडतं.

माझा भाचा विमान चालवायला शिकतोय. तिघा मित्रांत मिळून जुनं दोन आसनी विमान घ्यायचं त्याच्या मनात आहे. कुठलं घेऊ, असं तो विचारतो. मला विमानातलं काही कळत नाही, पण हा इतिहास वाचून मी त्याला क्रम उलटा करायला सांगितलं. आधी जागा, मग मेकॅनिक, मग सुटे भाग, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी. लोहगाव हवाई दलाचं. बारामतीला ठेवलं तर जाताना शंभर आणि येताना शंभर किलोमीटर. अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली, पण उडवायला ते धुळ्याला न्यावं लागलं. गच्चीवर विमान बनतं, धावपट्टी नाही बनत!

म्हणजे मॉथ परवडलं ते नुसत्या किमतीमुळे नाही. तेव्हा गावाच्या कडेला सपाट, मोकळा माळ असायचा आणि त्यावर उतरता यायचं. येरवड्याला आज असा माळ शोधून दाखवा! भाच्याचं विमान होईल की नाही ठाऊक नाही. व्हावं असं मनापासून वाटतं.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजी-आजोबांकडून त्या येरवड्याच्या विमानांबद्दल काही ऐकलेलं असेल, तर जरूर कळवा.