भाषांतर करणारे यंत्र : एक इतिहास

भाषांतर हा विषय आपल्या समाजाला परका नाही. कोकणातल्या आपल्या घरांत बोली कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात आणि तलाठ्याकडे मराठी, आणि कॉलेजात पाऊल टाकले की इंग्रजी. आपली मुले दिवसातून दहा वेळा भाषांतर करतात आणि आपण काही विशेष करीत आहोत हे त्यांच्या गावीही नसते. आता हेच काम यंत्र करू लागले आहे. मोबाईलवर इंग्रजी परिपत्रक घातले की क्षणात मराठी किंवा उर्दू मजकूर हाती येतो.

दोन वर्षांपूर्वी एक आई शिष्यवृत्तीची सूचना घेऊन माझ्याकडे आली. मूळ सूचना इंग्रजीत होती आणि तिने पाहिलेले मराठी रूप यंत्राने केलेले होते. त्यात ‘ताजे विद्यार्थी’ आणि ‘नूतनीकरण विद्यार्थी’ असे दोन वर्ग होते. मूळ शब्द ‘फ्रेश’, म्हणजे प्रथमच अर्ज करणारे. यंदाचा अर्ज ताजाच आहे, असे समजून बाईंनी दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा अर्ज ‘ताजे’मध्ये भरला. तो बाद झाला आणि त्या वर्षाची रक्कम गेली. यंत्राला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते यंत्र नसते तर बाईंना त्या कागदातले काहीच कळले नसते, हेही तितकेच खरे. म्हणून हे यंत्र आले कुठून आणि ते कोणत्या कामाला लायक आहे, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे या हेतूने हा लेख लिहीत आहे.

या कल्पनेचे मूळ युद्धातल्या सांकेतिक लिपीत आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी गणितज्ञ कामाला लागले होते. अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनचे वॉरन वीव्हर यांना त्यावरून वाटू लागले की परकी भाषा हीसुद्धा एक प्रकारची सांकेतिक लिपीच मानली तर? रशियन लेख म्हणजे मूळचा इंग्रजीच, केवळ चमत्कारिक चिन्हांत लिहिलेला! जुलै १९४९ मध्ये त्यांनी हा विचार एका टिपणात मांडून काही विद्वानांकडे पाठविला. त्या टिपणात एक गोष्ट आहे. एका गणितज्ञाला शंभरेक शब्दांचा मजकूर आकड्यांच्या लिपीत दिला गेला. तो तुर्की भाषेत आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि तुर्की तर येतच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, जमले नाही. त्याने आणलेली अक्षरे पाहिली तर काय, शब्द नीट तोडून किरकोळ दुरुस्ती केल्यावर मूळ तुर्की मजकूरच समोर आला.

अक्षरे किती वेळा येतात ते मोजून लिपी फोडण्याची युक्ती नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-किंदी यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच काळी त्याच शहरात हुनैन इब्न इसहाक हे ख्रिस्ती हकीम गॅलनचे वैद्यकीय ग्रंथ ग्रीकमधून सिरियाक व अरबीत आणीत होते. एकाच ग्रंथाच्या मिळतील तितक्या ग्रीक प्रती जमवायच्या, त्या ताडून शुद्ध पाठ ठरवायचा आणि मग भाषांतराला हात घालायचा, अशी त्यांची पद्धत. एकाच नगरीत आकडेमोड करणारा आणि अर्थ शोधणारा असे दोघेही होते. यंत्रभाषांतराचा पुढचा सारा इतिहास या दोन वाटांमधला आहे असे मला वाटते.

वीव्हर यांच्या टिपणानंतर अमेरिकेत उत्साहाची लाट आली. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे आय.बी.एम. कंपनी व जॉर्जटाऊन विद्यापीठ यांनी जाहीर प्रयोग करून दाखविला. रशियनचे अक्षरही न जाणणाऱ्या एका बाईने साठाहून अधिक रशियन वाक्ये कार्डांवर छिद्रे पाडून यंत्रात घातली आणि यंत्राने ती इंग्रजीत छापून दिली. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. यंत्राच्या पोटात होते काय? अवघे २५० शब्द आणि सहा नियम. वाक्ये आधीच निवडून ठेवलेली होती. पाहुण्यांपुढे पाठ केलेली कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखाच हा प्रकार. तरीही विद्यापीठाचे प्रमुख संशोधक लिऑन दोस्तेर यांनी तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होईल अशी आशा बोलून दाखविली. शीतयुद्धाचे दिवस होते, रशियात काय छापले जाते ते जाणून घेण्याची सरकारला घाई होती, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता.

पाच वर्षे गेली, दहा गेली. यंत्राचे भाषांतर वाचताना माणसाला घाम फुटे. अडचण कुठे होती ते येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. हे गृहस्थ या विषयावर पूर्ण वेळ काम करणारे पहिले संशोधक होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांचे उदाहरण इंग्रजीतल्या ‘पेन’ या शब्दाचे होते. त्याचा एक अर्थ लेखणी आणि दुसरा अर्थ लहान मुलांना खेळायला केलेले कठडे. खोके ‘पेन’मध्ये होते असे वाक्य आले तर लेखणीत खोके मावत नाही हे आपल्याला सांगावे लागत नाही. यंत्राला ते सांगणार कोण? मराठीतला ‘पात्र’ हा शब्द घ्या. नदीचे पात्र, नाटकातले पात्र, स्वयंपाकाचे पात्र आणि शिष्यवृत्तीस पात्र. चार अर्थ, पण आपली पाचवीतली मुलगीसुद्धा गोंधळत नाही. कारण तिला नुसते शब्द ठाऊक नसतात, जग ठाऊक असते.

अखेर अमेरिकन सरकारने १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेचे जॉन पिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला. यंत्राचे भाषांतर माणसापेक्षा संथ, कमी अचूक आणि दुप्पट महाग आहे, आणि भाषांतरकारांचा तुटवडाही नाही, असा निकाल समितीने दिला. खर्च झाले होते सुमारे दोन कोटी डॉलर. अमेरिकेतले संशोधन त्यानंतर बहुतांशी थंडावले. भाषांतरकारांच्या मदतीची साधने तयार करा, असेही समितीने सुचविले होते, पण लक्षात राहिला तो नकारच.

अमेरिकेत अशी निराशा असताना शेजारच्या कॅनडात मात्र एक लहानसे काम यशस्वी झाले. माझ्या मते या सगळ्या इतिहासात शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे. कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना राज्यकारभारात समान दर्जा मिळाला. सरकारी कागद दोन्ही भाषांत हवा, मग हवामानाचा अंदाजसुद्धा! रोज, दिवसातून अनेकदा, इतक्या गावांचा अंदाज फ्रेंचमध्ये आणायचा. ‘अंशतः ढगाळ. दुपारी सरी. कमाल तापमान अमुक.’ शिकलेसवरलेले भाषांतरकार या कामाला इतके कंटाळत की फार दिवस टिकत नसत.

माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी नेमके हेच काम उचलले. अलँ कोलमेरोर यांनी तिथे असताना भाषेचे नियम मांडण्याची एक संगणकीय पद्धत बसविली होती. पुढे फ्रान्समध्ये ‘प्रोलॉग’ ही प्रसिद्ध संगणकभाषा त्यांनीच घडविली. त्या पद्धतीवर ‘मेतेओ’ हे यंत्रभाषांतर उभे राहिले आणि मे १९७७ पासून रोजच्या कामाला लागले. त्याचे शब्दभांडार गावांची नावे धरून दीड हजारांच्या आसपास होते. वाक्ये तुटक, क्रियापदे जवळजवळ नाहीतच. ‘सरी’ म्हणजे पावसाच्याच सरी, दुसरा अर्थ संभवतच नाही. बार-हिलेल यांची अडचण सुटली नव्हती. ती जिथे येत नाही असे शेत निवडून घेतले होते. शिवाय जे वाक्य यंत्राला उमगत नसे ते यंत्र माणसाकडे पाठवून देई. सुरुवातीला पाचातली चार वाक्ये यंत्र करी आणि पाचवे माणूस. ‘मला येत नाही’ हे सांगण्याची त्या यंत्राची अक्कल मला फार मोलाची वाटते. ही व्यवस्था २००१ पर्यंत चालली आणि एका टप्प्याला वर्षाला सुमारे तीन कोटी शब्द तिने हातावेगळे केले. भाषांतरकारांनी तक्रार केली नाही. त्यांना सुटल्यासारखेच झाले.

त्याच संशोधकांनी मग विमानाच्या दुरुस्तीची पुस्तके हाती घेतली. शब्द हजारोंनी, नामांच्या लांबच लांब साखळ्या. भाषांतर तपासून दुरुस्त करण्याचा खर्च धरता यंत्र माणसापेक्षा महाग पडू लागले आणि १९८१ मध्ये ते काम बंद झाले. तीच माणसे, तीच बुद्धी. शेत मोठे होते.

इतरत्रही कामे चालू होती. हंगेरीत जन्मलेले पीटर टोमा यांची ‘सिस्ट्रान’ ही पद्धत अमेरिकन हवाई दलाने १९७० मध्ये घेतली, आणि १९७६ मध्ये युरोपीय आयोगाने. झेरॉक्स कंपनीने आणखी शहाणपणा केला. यंत्राला भाषा शिकवत बसण्यापेक्षा आपल्या लेखकांनाच ठरावीक, सोप्या इंग्रजीत पुस्तिका लिहायला लावल्या.

दुसरी वाट, आकडेमोडीची, पुन्हा खुली झाली ती १९८८ च्या सुमारास. आय.बी.एम.च्या एका गटाने ठरविले की व्याकरणाचे नियम घालायचेच नाहीत. कॅनडाच्या संसदेचे कामकाज दोन्ही भाषांत छापले जाते. त्यातल्या १७ लाखांहून अधिक वाक्यांच्या जोड्या संगणकाला दिल्या आणि कोणत्या इंग्रजी शब्दासमोर कोणता फ्रेंच शब्द किती वेळा येतो ते मोजायला लावले. गंमत अशी झाली की इंग्रजी ‘हिअर’, म्हणजे ऐकणे, याचा फ्रेंच अर्थ यंत्राने ‘ब्राव्हो’ असा काढला! कारण संसदेत सभासद ‘हिअर, हिअर’ म्हणून दाद देतात आणि फ्रेंच प्रतीत तिथे ‘ब्राव्हो’ छापतात. यंत्र चुकले असे म्हणता येत नाही. त्याने जे वाचले तेच ते शिकले.

आजची यंत्रे याच जातीची आहेत, फक्त मोजणीची पद्धत फार पुढे गेली. २०१४ पासून मेंदूच्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली गणिती रचना वापरात आली. २०१७ मध्ये तिचे आणखी सुधारलेले रूप आले. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ मध्ये दाखल झाली आणि २०१७ मध्ये नव्या पद्धतीवर आली. सफाई खूप वाढली. मात्र मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ वेगळे, इंग्रजीत एकच. आपल्या मुलीने इंग्रजी निबंध यंत्रातून मराठीत आणला तर ती बहुधा ‘गेलो’ होऊन बाहेर येते, हे मी तपासायच्या वह्यांत पाहिले आहे.

आपल्या देशात कानपूरच्या आय.आय.टी.त १९८० च्या दशकात हे काम सुरू झाले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने सरकारी कागदपत्रांसाठी ‘मंत्र’ ही इंग्रजी-हिंदी पद्धत तयार केली आणि ती राज्यसभेच्या सचिवालयात वापरली गेली. मुंबईच्या आय.आय.टी.त मराठी-हिंदी भाषांतरावर व मराठीच्या शब्दजालावर काम झाले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सुवास’ हे साधन आणले. त्याच्या साहाय्याने निकाल मराठीसह अनेक भारतीय भाषांत येऊ लागले. यंत्राने केलेला मसुदा माणसे तपासतात, आणि भाषांतराबरोबर अशी टीप असते की हे रूप पक्षकाराला आपल्या भाषेत समजावे एवढ्यासाठी आहे, अंमलबजावणीसाठी इंग्रजी निकालच प्रमाण.

त्या बाईंच्या हातातल्या कागदाखाली अशी टीप नव्हती. आम्ही आता शाळेच्या फलकावर मूळ इंग्रजी सूचना लावतो, शेजारी यंत्राचे मराठी आणि उर्दू रूप लावतो, आणि अडचणीच्या शब्दांचा अर्थ खाली हाताने लिहितो. दहावीच्या मुली ते काम करतात. ‘फ्रेश’ हा त्यांच्या यादीतला पहिला शब्द आहे.