दुखण्यात सापडलेले बळ

कर्करोगाचे नाव निघाले की गावात आवाज खाली येतो. पण हे दुखणे सोसताना काही माणसे आतून वाढतात. नाती घट्ट होतात, स्वतःचे बळ कळते, जगण्याची किंमत उमगते. टेडेस्की व कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 नंतरच्या दशकात या वाढीला नाव दिले. मराठीत तिला आघातोत्तर वाढ म्हणता येईल.

साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेच्या अध्यक्षपदामुळे आपल्याला परिचित असलेले शरद पवार यांना 2004 साली तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा कामाला लागले. पुढे तंबाखू-सुपारीच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. स्वतःचे दुखणे त्यांनी दुसऱ्यांना सावध करण्याच्या कामी लावले.

सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील मात्र 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्याच कर्करोगाने गेले. म्हणून लक्षात ठेवा, धीर कमी पडला म्हणून कोणी दगावत नाही, आणि नुसत्या धीराने रोग बराही होत नाही. उपचार वेळेवर हवेतच.

मग आपण काय करावे? आजाऱ्याच्या घरी जावे. "धीर धरा" एवढे म्हणून उठू नये. त्याला रडू द्यावे, बोलू द्यावे. गुरुजींनी मुलांना एवढे शिकवले, तरी पुष्कळ झाले.