गृहसंगणकाचे संगीत : रॉब हबर्ड यांची कारकीर्द आणि मुंबईतील एक समांतर प्रयोग

विसाव्या शतकाच्या संगीतेतिहासात संगणकीय खेळांसाठी झालेल्या रचनांची दखल अभावानेच घेतली जाते. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील आद्य रचनाकारांपैकी रॉब हबर्ड यांच्या कारकिर्दीचा विचार, मुंबईतील चरणजित सिंग यांच्या समकालीन प्रयोगाच्या संदर्भात केला आहे.

इ. स. १९८२ मध्ये अमेरिकेत 'कमोडोर ६४' हा गृहसंगणक बाजारात आला. त्यातील बॉब यानेस यांनी रचलेल्या 'सिड' या ध्वनिचिपमधून एका वेळी तीनच स्वर निघत. इंग्लंडमधील हल येथे १९५५ मध्ये जन्मलेले हबर्ड हे व्यावसायिक वादक. संगणकाची यंत्रभाषा ते स्वतःच शिकले. १९८५ मधील 'मॉन्टी ऑन द रन' व 'कमांडो' या खेळांनी त्यांचे नाव झाले. तीन स्वरांत ठेका, खर्जातील साथ आणि मुख्य धून बसवावयाची कशी? एकाच वाहिनीवर ढोलाचा आघात व खर्जाचा स्वर आलटूनपालटून काढावयाचा; स्वरमेळ हवा तेथे त्यातील स्वर इतक्या वेगाने एकामागून एक वाजवावयाचे, की कानाला ते एकत्र भासावेत. १९८७ च्या 'डेल्टा' या खेळाच्या संगीतावर फिलिप ग्लास यांच्या आवर्तनप्रधान शैलीचा प्रभाव आहे. आणि ग्लास यांना लयीची ती दृष्टी लाभली होती पॅरिसमध्ये, पं. रविशंकर व उस्ताद अल्लारखाँ यांच्या सहवासात. तबल्याचे गणित असे वळसा घालून खेळयंत्रात पोहोचले, ही बाब आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते.

त्याच १९८२ च्या सुमारास हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत भैरवी, ललत, तोडी, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रचले. त्यांची साधने होती रोलंड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्ये. पैकी 'टीबी-३०३' एका वेळी एकच स्वर काढी. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यात सोय होती, आणि सिंग यांनी तिच्यातून मींड साधली. शिकागोच्या नृत्यसंगीतात हाच ध्वनी गाजला तो १९८७ मध्ये.

सिंग यांची ध्वनिमुद्रिका मात्र फारशी खपली नाही. हा भेद प्रतिभेचा नसून बाजारपेठेचा होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इंग्लंडमध्ये संगणक घरोघरी होता, खेळ कॅसेटवर विकले जात, व प्रत्येक नव्या खेळाला संगीत लागे. भारतात आयातशुल्क आणि परवाने यांमुळे तो दुर्मीळच राहिला. १९८४ च्या संगणक धोरणाने निर्बंध सैल केले. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरसारख्या शहरांतील मुलांच्या कानी खेळांचे संगीत पडले ते मुख्यतः नव्वदच्या दशकात, दूरचित्रवाणीला जोडावयाच्या जपानी धर्तीच्या खेळयंत्रांतून. तोवर कमोडोरचे दिवस सरत आले होते.

हबर्ड ऐंशीच्या दशकाअखेर अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' कंपनीत गेले व तेथील ध्वनिविभागाचे तांत्रिक प्रमुख झाले. सिंग यांची मुद्रिका २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा प्रकाशित केली. त्यानंतर युरोपातील मैफलींत त्यांनी हे राग पुन्हा वाजविले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.