गोंडी लिपींचे सांकेतीकरण : खुल्या प्रमाणकाचा एक इतिहास

कोरपना परिसरातील गोंडी भाषकांस लेखनासाठी देवनागरी जवळची. सीमेपलीकडे आदिलाबादेस तेलुगू. यांखेरीज गोंडीच्या म्हणाव्यात अशा दोन लिपी आहेत. एक बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली रचिली. दुसरी आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतून उजेडात आली. संगणकीय लेखनाच्या युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात पहिलीची ७५ चिन्हे २०१७ साली व दुसरीची ६३ चिन्हे २०१८ साली समाविष्ट झाली.

या समावेशाची पद्धती इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे. लिपीचा प्रस्ताव कोणीही पाठवावा व तो क्रमांकासह सार्वजनिक नोंदीत प्रसिद्ध व्हावा, असा तेथील प्रघात आहे. अंशुमान पांडे यांचे या दोन्ही लिपींविषयीचे प्रस्ताव त्यामुळेच आज कोणासही विनामूल्य वाचता येतात. (मोडीच्या जन्माविषयी मात्र आपण अद्याप हेमाडपंताच्या आख्यायिकेवर भागवितो!)

तथापि हे दप्तर इंग्रजीत आहे. शिवाय एकदा दिलेला संकेतांक अथवा चिन्हाचे नाव पुढे बदलावयाचे नाही, असा युनिकोडचा कडक नियम आहे. त्याचे कारण उघड आहे : संकेतांक बदलला तर जुना मजकूर वाचता येणार नाही. परंतु त्यामुळेच उशिरा आलेला आक्षेप, तो कितीही सार्थ असो, मूळ तक्त्यात उतरू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. अशा प्रस्तावांचे मराठी, हिंदी व तेलुगू गोषवारे निर्णयापूर्वी गावोगावच्या शिक्षकांच्या हाती पडावेत, हे काम विद्यापीठीय भाषाविभागांचेच होय. नवी चिन्हे जोडण्यास मात्र अद्याप वाव आहे. मसराम लिपीस नेमून दिलेल्या ९६ जागांपैकी २१ जागा समावेशाच्या वेळी रिकाम्या होत्या.