खण, खोली आणि वाट : राहत्या घराच्या नकाशाचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात एरवी किल्ले येतात, राजवाडे येतात. आज आपण जरा लहान गोष्ट घेतली आहे. एका कुटुंबाचं राहतं घर, आणि ते बांधण्याआधी कागदावर काढलेला त्याचा नकाशा.

आपल्यापैकी पुष्कळांवर हा प्रसंग येतो. एक-दोन गुंठे जागा घेतलेली असते, किंवा जुनं घर उतरवून नवं बांधायचं असतं. मग पहिला प्रश्न येतो, बेडरूम किती काढायच्या? घरात चर्चा सुरू होते आणि ती बहुतेक वेळा याच प्रश्नाभोवती फिरते. आमचं आजचं म्हणणं असं की हा प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या फार नवा आहे. आपल्या पणजोबांना तो सुचलाच नसता. त्यांनी विचारलं असतं, किती खण?

खण म्हणजे दोन लाकडी खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फुटांचं. सागवानी तुळई फार लांब टाकायची तर ती जाड लागते, महाग पडते, आणि तरी मध्ये वाकण्याची भीती राहते. म्हणून घराचं माप लाकडाने ठरवलं. सोपा तीन खणांचा, माजघर पाच खणांचं, असं लोक बोलत. ज्याची ऐपत कमी त्याचं घर दोन खणांचं. खांबांच्या मध्ये भिंत घातली की खोली झाली, नाही घातली की सोपा राहिला. घराचा खरा नकाशाकार सुतार होता, आणि तो कागदापेक्षा जमिनीवर दोरी धरून काम करायचा.

आता त्या घरातल्या जागांची नावं बघा. ओसरी, सोपा, पडवी, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. यातलं प्रत्येक नाव जागेवरून किंवा तिथे चालणाऱ्या कामावरून पडलेलं आहे. 'दादाची खोली', 'मुलांची खोली' असं एकही नाव त्यात नाही. माणसं रात्री जिथे जागा असेल तिथे अंथरूण टाकत आणि सकाळी वळकटी बांधून ठेवत. म्हणजे खोलीवर माणसाची मालकी नव्हती, कामाची होती.

पण मालकी नसली तरी मज्जाव होता. पुण्यातला विश्रामबाग वाडा आजही उभा आहे, एकामागे एक तीन चौक आहेत. तिथे जाऊन एकदा पुढून मागे चालत जा, म्हणजे आम्ही काय म्हणतोय ते पायांना कळेल. साध्या वाड्यातही क्रम तोच असे. दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू. कोणी कुठवर यायचं हे सांगायला पाटी लागत नसे. वसुलीला आलेला माणूस ओसरीच्या पायरीशी थांबायचा, परिचित सोप्यात बसायचा, नातलग माजघरापर्यंत जायचा. स्वयंपाकघरात सोवळ्याशिवाय घरचा माणूसही जात नसे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. विटाळशी बाई बाजूला बसायची, बाळंतीण आतल्या अंधाऱ्या खोलीत असायची. हे सगळं रिवाजात होतं असं आपण म्हणतो, पण ते नकाशातही होतं. भिंत कुठे आणि उंबरा कुठे, हे त्या रिवाजानेच ठरवलं.

नवरा-बायकोचं काय? रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ती त्यांना इंग्रजी शिकवत ते दिवसभराची कामं आटोपल्यावर, रात्री. दिवसा घर बायकांचं, आणि त्या बायकांचा या शिकण्याला सक्त विरोध. भरल्या घरात दोन माणसांनी बसून पुस्तक उघडावं अशी दिवसाढवळ्याची जागा नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे 'बेडरूम' नावाची गोष्ट येणार आहे आणि तिला आपण उगाच नावं ठेवू नयेत.

आता थोडं जमिनीखाली जाऊ. घराचा नकाशा वरून दिसतो भिंतींचा, पण त्याला आकार देतात तीन गोष्टी : पाणी, धूर आणि मैला.

पाणी आडाचं असायचं, किंवा पुण्यासारख्या शहरात कात्रजच्या तलावातून नळाने हौदांत आलेलं. ते चौकात किंवा परसात. म्हणून न्हाणी तिकडे. धूर चुलीचा. लाकूडफाटा जाळायचा तर स्वयंपाकघर मागेच हवं, कौलांतून धूर जायला वाट हवी आणि सरपणाला जागा हवी. बाई दिवसातले कित्येक तास त्या धुरात जमिनीवर बसून काढायची, आणि सोप्यात काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू यायचं नाही. मैल्याची गोष्ट तर आपण कधी बोलतच नाही. संडास घराच्या अगदी मागच्या टोकाला असे आणि त्याच्या पाठीमागे एक अरुंद बोळ. त्या बोळातून मैला वाहून नेणारा माणूस यायचा आणि पुढच्या दाराला कधीही न दिसता निघून जायचा. वाड्याच्या नकाशात सर्वांत काटेकोरपणे आखलेली वाट कोणती असेल तर ही. ती जातीची वाट होती. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा देशात १९९३ साली झाला, आणि २०१३ साली आणखी कडक कायदा करावा लागला. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही, बरं का.

नळ आणि ड्रेनेज आल्यावर संडासाला मागे राहण्याचं तांत्रिक कारण उरलं नाही. रॉकेलचा स्टोव्ह आला, १९५० च्या दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, आणि स्वयंपाकघरालाही मागे राहण्याचं कारण उरलं नाही. ओटा आला, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. कारणं संपली तरी सवयी टिकल्या. कितीतरी घरांत फ्लशचा संडास आल्यावरही तो अंगणाच्या कोपऱ्यातच बांधला गेला. नकाशा बदलायला तंत्रापेक्षा मनाला जास्त वेळ लागतो.

इकडे मुंबईत वेगळीच गोष्ट चालली होती. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून चाळी बांधणं सुरू झालं. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने, म्हणजे आपल्या बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. गिरणीत राबणारा कोकणातला आणि घाटावरचा माणूस इथे राहिला. गावाकडच्या घरात जे खणाखणांत पसरलेलं होतं, ते इथे एका खोलीत दुमडून ठेवलं गेलं. ओसरीचं काम गॅलरीने केलं. कपडे तिथे, अभ्यास तिथे, भांडण तिथे, आणि दुखणंखुपणं आलं की धावून येणारा शेजारीही तिथलाच. चाळीची ऊब म्हणून जे सांगितलं जातं ते खोटं नाही. पण सामाईक संडासाकडे अंधारात जाणाऱ्या मुलीला विचारलं असतं, तर तिने त्या उबेबद्दल आणखी काही सांगितलं असतं. आता त्या चाळींच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फुटांची घरं दिली जात आहेत. संडास घरात आला, दार बंद करता आलं. गॅलरी मात्र गेली.

मध्यमवर्गाने वेगळी वाट काढली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती आपल्याकडची पहिली समजली जाते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत 'ब्लॉक' हा शब्द रूढ झाला. स्वतंत्र दार, स्वतंत्र मोरी, स्वतंत्र संडास. हे जमलं ते सिमेंट-काँक्रीटमुळे. स्लॅब आल्यावर खांबांचा आणि तुळयांचा जाच संपला आणि भिंत हवी तिथे घालता आली. खणाची सत्ता संपली ती इथे.

मग प्रश्न पडला, भिंत घालायची कुठे? १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेने आदर्श घराचं प्रदर्शनच भरवलं. आर. एस. देशपांडे या इंजिनियरांची घरबांधणीवरची पुस्तकं त्याच काळात पुण्यातून निघाली, त्यातलं 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' १९३९ चं. घर बांधू इच्छिणाऱ्या सामान्य माणसापुढे छापील नकाशे आले. हॉल, किचन, बेडरूम असे शब्द तोंडी बसले. खोलीला आता माणसांची नावं मिळाली. ज्या जोडप्याला दिवसा बोलायला जागा नव्हती, त्याला दार मिळालं. हे स्वातंत्र्य लहान नव्हतं.

पुण्यात या बदलाला एका दिवसाने ढकललं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे पाण्यात बसले. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उठल्या. पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात राहिलेली माणसं एकदम मोजक्या खोल्यांच्या घरांत गेली. तिथे चौक नव्हता, ओसरी नव्हती, एकत्र कुटुंबही मावत नव्हतं.

त्यानंतर आला बिल्डर. १९६३ च्या मालकी-फ्लॅट कायद्याने त्याच्यावर बंधन घातलं की मंजूर नकाशा ग्राहकाला दाखव आणि त्याच्या संमतीशिवाय तो बदलू नकोस. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे नेमकं काय ते ठरवून दिलं. घरातल्या भिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. ग्राहकाचं भलं झालं यात शंका नाही. पण पाहा, सुताराने घर खणांत मोजलं, इंजिनियरने खोल्यांत मोजलं, बिल्डरने चौरस फुटांत. जो बांधतो तो त्याच्या सोयीच्या मापात मोजतो. राहणाऱ्याचं माप कोणतं?

आम्हाला वाटतं, राहणाऱ्याचं माप म्हणजे वाट. कोण कुठून कुठे जातं, कितीदा जातं, आणि जाताना कोणाला ओलांडतं. जुन्या घराने हे माप फार बारकाईने पाळलं आणि अन्यायासाठी वापरलं. नव्या घराने अन्यायाच्या पुष्कळ भिंती पाडल्या, पण मोजणंच सोडून दिलं. त्याची किंमत दोन माणसं देतात. एक, घरातलं म्हातारं माणूस. ओसरीवर बसून त्याला येणारं-जाणारं दिसायचं, कोणाच्या पायात न येता तो घरात असायचा. आज तो हॉलमध्ये टीव्हीसमोर असतो, नाहीतर बंद खोलीत. दुसरी, घरातली बाई. मुलांची खोली असते, आजी-आजोबांची असते, पण दुपारी तासभर तिने कुठे बसावं हे नकाशात सापडत नाही. आणि एक तिसरंही माणूस आहे, कामाला येणाऱ्या मावशी. काही इमारतींत त्यांना वेगळी लिफ्ट असते, आणि काही घरांत दिवसभर राबूनही संडास वापरायची मुभा नसते. वाड्यामागचा बोळ बुजला असं आपण म्हणतो. तो असा पुन्हा उघडतो.

म्हणून नवं घर बांधणाऱ्यांना इतिहासाच्या वतीने एवढंच सांगावंसं वाटतं. आर्किटेक्टने दिलेला नकाशा घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळ्या रंगाची पेन्सिल द्या. पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतची स्वतःची वाट त्याने स्वतः काढायची. आजोबा रात्री दोनदा उठतात, त्यांची रेघ संडासापर्यंत किती लांब आहे? मध्ये पायरी आहे का, उंबरा आहे का? स्वयंपाक करणाऱ्या माणसाची रेघ एकाच कोपऱ्यात गोळा झाली आहे का? पाहुणे आले असताना मुलीला न्हाणीकडे जायचं तर हॉल ओलांडावा लागतो का? आजारी माणसाला स्ट्रेचरवरून न्यायचं तर जिन्याला वळण पुरतं का? मावशींची रेघ कोण काढणार? त्यांनाही विचारा. वीस वर्षांनी मुलं गावाबाहेर असतील आणि तुम्ही दोघंच असाल, तेव्हाच्या रेघा एका वेगळ्या कागदावर काढा.

गुंठाभर जागा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात चौक बसणार नाही, पाच खणांचं माजघर बसणार नाही, आणि ते बसावं असा आग्रहही नाही. पण दारापाशी छपराखाली बसायला चार फुटांची जागा बसते. खालच्या मजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून संडास बसतो. ओट्याजवळ एक खिडकी आणि खुर्ची बसते. या गोष्टी कागदावर खोडरबराने हलतात, स्लॅब पडल्यावर घणाने.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ. कोणी नकाशा बरोबर आणला असेल तर तोही उघडा, आपण मिळून पाहू.